पालि साहित्यातील संख्या : गणना आणि संकेत

सम्राट अशोकाने ८४,००० विहार बांधले, हे विधान आपल्या व्याख्यानांतून नेहमी ऐकू येते. एवढे विहार एका राजाच्या कारकिर्दीत कसे उभे राहिले, असे एखादा चिकित्सक तरुण मग विचारतो. प्रश्न रास्त आहे. त्याला ‘ग्रंथात तसे लिहिले आहे’ एवढेच उत्तर देऊन भागत नाही. आणि संख्या अशक्य दिसते म्हणून सारा ग्रंथच पुराण समजून दूर सारणे हेही अभ्यासकाला शोभणारे नाही. ग्रंथकाराने ती संख्या कोणत्या हेतूने योजिली, हे आधी पाहावे लागते.

महावंसात ८४,००० ही संख्या विहारांची आहे, अशोकावदानात ती स्तूपांची आहे. तिचे मूळ धम्मस्कंधांच्या गणनेत आहे. ८२,००० धम्मस्कंध बुद्धांकडून व २,००० भिक्खूंकडून आपण ग्रहण केले, असे थेरगाथेत आनंद थेर सांगतात. एकेका धम्मस्कंधाच्या सन्मानार्थ एकेक विहार, अशी महावंसाची मांडणी आहे. दीघनिकायातील महासुदस्सन सुत्तात तर नगरे, प्रासाद, हत्ती, घोडे सारे याच संख्येत येतात. ‘काहीही उणे नाही असे विपुल’ हा तिचा संकेतार्थ होय. अशोकाचे स्वतःचे उपलब्ध लेख मात्र या संख्येविषयी मौन पाळतात. नेपाळातील निगाली सागर येथील स्तंभलेखात तो एवढेच नोंदवितो की, अभिषेकाला १४ वर्षे झाल्यावर कोनाकमन बुद्धांचा स्तूप त्याने वाढवून दुप्पट केला. इतिहासाला आधार लागतो तो अशा नोंदीचा.

संकेत इतिहासात कसा शिरतो, याचे याहून बोलके उदाहरण संबोधीनंतरच्या सप्ताहांचे आहे. विनयपिटकातील महावग्गानुसार तथागतांनी बोधिवृक्ष, अजपाल निग्रोध, मुचलिंद आणि राजायतन या वृक्षांखाली प्रत्येकी सात दिवस, म्हणजे चार सप्ताह घालविले. पुढे जातकाच्या निदानकथेत अनिमिष, रत्नचंक्रम आणि रत्नघर या तीन स्थानांची भर पडली व सप्ताह सात झाले. सात दिवसांचे सात सप्ताह ही रचना श्रद्धाळू मनाला अधिक पूर्ण वाटली असावी. आज बुद्धगयेला जाणाऱ्या उपासकाला ही सातही स्थाने दाखविली जातात. त्यांना वंदन जरूर करावे. महावग्गातील चार सप्ताहही ध्यानात असावेत.

काही ठिकाणी जुनी संख्या ठेवून तिचा अर्थच पालटलेला दिसतो. वैदिक परंपरेतील देव ३३. बौद्धांनीही ‘तावतिंस’ हे नाव स्वीकारले. परंतु धम्मपद-अट्ठकथा त्या ३३ जणांची जी कथा देते ती मगधातील मचल गावच्या माणसांची आहे. मघ नावाचा तरुण आणि त्याचे ३२ सोबती रस्ते सपाट करतात, चौरस्त्यावर वाटसरूंसाठी विश्रामशाळा उभारतात आणि त्या पुण्याने देवलोकी जन्मतात. यज्ञाचे नाव नाही; हातात कुऱ्हाडी आणि कुदळी! मला तरी पालि वाङ्मयातील संख्याकथांत ही सर्वांत मोलाची वाटते.

जातकांतील पाचशे व्यापारी, पाचशे चोर यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. तेथे पाचशे म्हणजे ‘पुष्कळ’.

या सर्वांहून निराळी अशी संख्येची एक योजना आहे आणि ती स्मरणासाठी आहे. अंगुत्तरनिकायाचे ११ निपात एकापासून अकरापर्यंत चढत जातात. निगंठ नातपुत्ताच्या मृत्यूनंतर त्याच्या अनुयायांत कलह माजला, तेव्हा पावा येथे सारिपुत्तांनी एक ते दहा या क्रमाने धम्म मांडला. तेच संगीति सुत्त. सर्वांनी एकत्र पठण करावे, वाद होऊ नये, हा त्यामागील स्पष्ट हेतू. लेखनाचा आधार नसलेल्या संघात वगळलेला मुद्दा संख्येमुळे तत्काळ उघड होई.

खुद्दकपाठातील कुमारपञ्हात बालश्रामणेराला असेच दहा प्रश्न आहेत. दोन म्हणजे नाम आणि रूप, चार म्हणजे आर्यसत्ये, आठ म्हणजे आर्य अष्टांगिक मार्ग. पहिला प्रश्न मात्र ‘एक म्हणजे काय’ असा आहे. उपनिषदांचा अभ्यासक येथे ब्रह्म म्हणेल, ईश्वरवादी परमेश्वराचे नाव घेईल. श्रामणेराला शिकविलेले उत्तर असे आहे की, सर्व प्राणी आहारावर जगतात.