मोटारसायकलीचा बदली ध्वनिशामक

एंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंचा आवाज कमी करून ते मागील बाजूस सोडणाऱ्या उपकरणाला ध्वनिशामक किंवा व्यवहारात सायलेन्सर म्हणतात. उत्पादकाने मूळ बसविलेला ध्वनिशामक काढून त्याजागी दुसऱ्या निर्मात्याचा बसविला म्हणजे त्यास बदली ध्वनिशामक असे म्हणता येईल. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी बनविलेल्या, बुटक्या आसनाच्या व जड बांध्याच्या क्रूझर मोटारसायकलींच्या बाबतीत हा बदल विशेष आढळतो. आवाजाची आवड, वजनातील घट, शक्तीत वाढ होईल ही अपेक्षा आणि शोभा ही त्याची नेहमीची कारणे आहेत. या बदलाचा परिणाम मात्र केवळ आवाजापुरता नसून एंजिनाचे आरोग्य, हवेचे प्रदूषण, रस्त्यालगतच्या वस्तीची शांतता आणि मालकाची कायदेशीर जबाबदारी यांच्याशीही त्याचा संबंध येतो.

निष्कासाचे कार्य : चार धावांच्या एंजिनात भुजादंडाच्या दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरातून एकदा जळलेले वायू बाहेर पडतात. निष्कास झडप उघडताच सिलिंडरातील अतितप्त व दाबाखालील वायू नळीत शिरतात आणि दाबाचा एक तरंग निर्माण होतो. तप्त वायूत हा तरंग सेकंदाला सु. ५०० ते ६०० मी. वेगाने जातो (साध्या हवेत ध्वनीचा वेग सु. ३४० मी. असतो). एकसिलिंडरी एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २५ स्पंद बाहेर पडतात. १,००० फेऱ्यांना ते सु. ८ असतात व कानाला सुटे सुटे ऐकू येतात. बुलेट मोटारसायकलीची ओळख ठरलेली संथ धडधड अशी निर्माण होते. मोटारसायकलीला मराठीत पडलेले ‘फटफटी’ हे नावही याच स्पंदांवरून आले आहे. हार्ली-डेव्हिडसनच्या ४५° कोनातील दोन सिलिंडरांच्या एंजिनात दोन्ही दट्टे एकाच भुजाखुंटीला जोडलेले असल्याने ज्वलने समान अंतराने न होता ३१५° व ४०५° अशा विषम अंतराने होतात. त्या एंजिनाचा अडखळता ठेका त्यामुळे येतो. हा आवाज व्यापारचिन्ह म्हणून नोंदवावा असा अर्ज या कंपनीने १९९४ मध्ये अमेरिकेत केला होता व २००० मध्ये तो मागे घेतला.

नळीच्या उघड्या टोकाशी पोहोचलेला दाबतरंग ऋण तरंगाच्या रूपात परत फिरतो. तो योग्य क्षणी झडपेशी आला, तर उरलेले वायू ओढून घेण्यास व ताजे मिश्रण आत येण्यास मदत होते. म्हणून नळीची लांबी व व्यास ही एंजिनाच्या ठराविक फेऱ्यांना अनुसरून ठरविलेली असतात. ‘एंजिनाला प्रतिदाब लागतो’ अशी समजूत सर्वत्र आढळते. ती बरोबर नाही. प्रतिदाब हा नेहमी तोटाच होय. उपयोगी पडतात ते वायूचा वेग आणि तरंगांचा मेळ. नळी अवाजवी रुंद केली, तर हे दोन्ही बिघडतात आणि कमी फेऱ्यांवरील ओढ घटते. ‘प्रतिदाब गेल्याने’ गाडी मंदावली असे जे म्हटले जाते, त्याचे खरे कारण हे असते.

प्रकार : अमेरिकेतील रीव्ह्झ बंधूंना ध्वनिशामकाचे एकस्व १८९७ मध्ये मिळाले. त्यानंतर विकसित झालेल्या रचनांचे मुख्यतः दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील ध्वनिशामकात आडपडदे घालून कप्पे केलेले असतात. तरंग या कप्प्यांत परावर्तित होऊन परस्परांना काही अंशी नष्ट करतात. ही रचना खालच्या कंप्रतेच्या आवाजावर परिणामकारक असते, पण ती जड असते. दुसऱ्या वर्गात सरळ सच्छिद्र नळीभोवती काचतंतू भरलेले असतात व ते ध्वनीची ऊर्जा शोषतात. यात वायूला अडथळा कमी होतो, परंतु शोषण प्रामुख्याने उच्च कंप्रतेचे होते. त्यामुळे बाजारातील बहुतेक सरळ नळीच्या ध्वनिशामकांत कर्कशपणा थोडा कमी होऊन खालचा घुमणारा ठोका शिल्लक राहतो. काचतंतू कालांतराने जळून व उडून जातात आणि आवाज वाढत जातो. म्हणून तंतू पुन्हा भरता येतील असा, रिव्हेटऐवजी स्क्रूने बसणारे टोपण असलेला नमुना अधिक टिकाऊ ठरतो.

बदलाच्या व्याप्तीनुसारही दोन प्रकार होतात. एकात केवळ मागील डबा बदलतात. यास स्लिप-ऑन म्हणतात. दुसऱ्यात सिलिंडरापासूनची वाकडी नळीही बदलली जाते. बुलेटच्या बाजारात शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, गोल्ड स्टार, डॉल्फिन, पंजाब, इंदूरी इ. नावांनी डबे विकले जातात. ही नावे आकाराची वा आवाजाच्या धाटणीची निदर्शक आहेत; त्यांवरून गुणवत्तेचा बोध होत नाही. एकाच नावाखाली निरनिराळ्या कारखान्यांचा माल असतो.

शक्ती व इंधनमिश्रण : क्रूझर एंजिने कमी फेऱ्यांवर भरपूर परिपीडन, म्हणजे फिरविण्याची ओढ, मिळावी अशी आखलेली असतात. उदा., २०२० मध्ये बाजारात आलेल्या रॉयल एन्फील्ड मिटिऑर ३५० या गाडीच्या ३४९ घ. सेंमी. एंजिनाचे कमाल परिपीडन २७ न्यूटन-मी. असून ते ४,००० फेऱ्यांना मिळते. अशा एंजिनात केवळ मागचा डबा बदलल्याने होणारी शक्तिवाढ सामान्यतः जाणवण्याइतकी नसते. वाढलेल्या आवाजामुळे मात्र शक्ती वाढल्याचा भास होतो. प्रत्यक्ष लाभ होतो तो बहुधा वजनातील काही किग्रॅ. घटीचा.

वायूचा मार्ग मोकळा झाला म्हणजे इंधनमिश्रण विरळ होण्याचा संभव असतो. कार्बुरेटरच्या जुन्या गाड्यांत जेट बदलून ते सुधारावे लागते. इंधन अंतःक्षेपणाच्या गाड्यांत ऑक्सिजन संवेदक ही दुरुस्ती स्वतः करतो, पण ती मर्यादेतच. मिश्रण विरळ राहिल्यास एंजिन तापते. ॲक्सिलरेटर सोडताच मागे फटफट असे बार ऐकू येत असतील, तर बहुतेक वेळा जोडातील गॅसकेटमधून हवा आत शिरत असते. तो दोष लगेच काढावा. चालत्या गाडीचे प्रज्वलन क्षणभर बंद करून मुद्दाम बार काढण्याची प्रथा काही तरुणांत आढळते. यात न जळलेले इंधन तप्त नळीत पेट घेते व त्याने ध्वनिशामकाची आणि उत्प्रेरकाची हानी होते.

भारत टप्पा ६ ही मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यावर दुचाकींच्या निष्कास मार्गात प्लॅटिनम वर्गातील धातूंचा उत्प्रेरक आवश्यक झाला. तो कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बने व नायट्रोजनाची ऑक्साइडे यांचे कमी अपायकारक पदार्थांत रूपांतर करतो. उत्प्रेरक वाकड्या नळीत आहे की मागच्या डब्यात, हे गाडीगणिक बदलते. खरेदीपूर्वी ते पाहणे अगत्याचे आहे. डब्यातच तो असेल, तर डब्याबरोबर प्रदूषण नियंत्रणही निघून जाते.

आवाजाचे मान : डेसिबेल हे मान लघुगणकीय आहे. १० डेसिबेल वाढ म्हणजे ध्वनिशक्तीत दहापट वाढ असून कानाला आवाज सु. दुप्पट वाटतो. भारतात नव्या दुचाकींना जवळून जाताना करता येणाऱ्या आवाजाची मर्यादा ८० घ. सेंमी. पर्यंत ७५, ८० ते १७५ घ. सेंमी. पर्यंत ७७ व त्यापुढे ८० डेसिबेल अशी ठरविलेली आहे. हे मापन गाडीच्या मार्गापासून ७.५ मी. अंतरावर करतात.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सु. ६ डेसिबेलने उतरतो. या हिशेबाने ८० डेसिबेलची गाडी १२० मी. अंतरावर सु. ५६ डेसिबेल ऐकू येईल, तर ९५ डेसिबेलचा डबा लावलेली गाडी तेथेच सु. ७१ डेसिबेल ऐकू येईल. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागातील आवाजाची सरासरी पातळी दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबेल असावी. एका गाडीच्या क्षणिक आवाजाची या सरासरीशी थेट तुलना करता येत नाही. तथापि झोपमोड होण्यास तो क्षणही पुरेसा असतो.

कोकणातील महामार्गालगतच्या गावांना हा प्रश्न विशेष भेडसावतो. रायगड जिल्ह्याच्या पेण–रोहा भागातील कासू हे असेच गाव होय. मुंबई–गोवा महामार्गावर (पूर्वीचा क्र. १७, आताचा क्र. ६६) वडखळ व नागोठणे यांच्या दरम्यान ते असून पनवेल–रोहा लोहमार्गावरील स्थानकही तेथे आहे. मुंबईहून कोकणात व गोव्याकडे जाणाऱ्या मोटारसायकलस्वारांचा हा मार्ग आहे. स्वाराच्या दृष्टीने असे गाव अर्ध्या मिनिटात मागे पडते. गावाच्या दृष्टीने मात्र एकामागून एक येणाऱ्या गाड्यांची ती रात्र असते.

धातू व बांधणी : याच पट्ट्यात धातूची निवडही महत्त्वाची ठरते. खाडीवरून येणारी खारी हवा आणि वर्षाला सु. ३०० सेंमी. च्या आसपास पडणारा पाऊस यांमुळे साध्या पोलादाचा डबा लवकर गंजतो. क्रोमियमाचा मुलामा सुबक दिसतो, पण त्याला चीर पडली की गंज आतून पसरतो. अगंज पोलाद सर्वसाधारण वापरास सर्वांत सोयीचे आहे. टिटॅनियम हलके असून गंजत नाही, परंतु महाग आहे. एक लिटर पेट्रोल जळल्यावर सु. एक लिटर पाणी तयार होते. गावातल्या गावात थोडेसे अंतर जाऊन गाडी बंद केली, तर डबा पुरेसा न तापल्याने हे पाणी आतच साचते. म्हणून डब्याच्या तळाशी पाणी निथळण्याचे बारीक छिद्र असावे व ते बुजू देऊ नये.

बसविताना नळीचा व्यास, आधारपट्टीची जागा, वळणावर गाडी कलल्यास जमिनीपासून राहणारे अंतर, स्टँडची हालचाल व बाजूच्या पिशव्या यांचा विचार करावा. मागे बसणाऱ्याचा पाय, साडीचा पदर किंवा ओढणी तप्त भागाला लागू नये म्हणून उष्णतारोधक पत्रा असणे जरूर आहे.

कायदा : मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरविलेल्या मूळ वर्णनाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच तत्त्व अधोरेखित केले. कलम १९०(२) खाली आवाजाच्या व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास २०१९ च्या सुधारणेनुसार पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात व अनुज्ञप्तीही तीन महिने स्थगित होते. परवानगी नसलेला भाग बसविणाऱ्या मालकास कलम १८२अ(४) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. पुणे, नागपूर इ. शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या ध्वनिशामकांवर वेळोवेळी रस्त्याचा रूळ फिरविला आहे.

दोन गैरसमज येथे दूर करणे इष्ट आहे. पी. यू. सी. प्रमाणपत्र मिळाले म्हणजे ध्वनिशामक वैध ठरतो असे नाही, कारण त्या तपासणीत वायूचे घटक मोजतात, आवाज नव्हे. तसेच यूरोपीय ‘ई’ चिन्ह असलेला डबा तेथील चाचणीस उतरलेला असतो, म्हणून तो निनावी मालापेक्षा भरवशाचा असतो. पण त्या चिन्हाने भारतात आपोआप मान्यता मिळत नाही. भारतातील मान्यतेसाठीच्या चाचण्या पुणे येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया व इतर अधिकृत संस्था करतात. आवाज कमी करणारी काढता येण्याजोगी नळी, म्हणजे डीबी किलर, डब्यात असेल तर ती जागेवर ठेवल्याखेरीज चाचणीतील आकड्यांना अर्थ राहत नाही.

या सर्व बाबी लक्षात घेता त्याच गाडीसाठी बनविलेला, उत्पादकाने स्वतः किंवा त्याच्या संमतीने विकलेला, उत्प्रेरक कायम ठेवणारा व मूळ आवाजमर्यादेत राहणारा अगंज पोलादाचा डबा ही निवड सर्वांत सुरक्षित होय. मूळ ध्वनिशामक टाकून न देता जपून ठेवावा. वाहन तपासणी, हमीचा दावा व पुनर्विक्री या तिन्ही प्रसंगी त्याची गरज पडते.