ॲनिमे चाहत्यांची क्रमवारी

ॲनिमे चाहत्यांची क्रमवारी म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका व चित्रपटांच्या चाहत्यांनी मतदान, गुणांकन किंवा वैयक्तिक याद्या यांद्वारे आवडत्या कलाकृतींचा लावलेला क्रम होय. ही प्रथा जपानमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस मासिकांच्या पानांवर रुजली आणि पुढे इंटरनेटमुळे जगभर पसरली. चित्रपटाचे तिकीटबारीवरील उत्पन्न किंवा दूरचित्रवाणीवरील प्रेक्षकसंख्या यांवरूनही क्रम लावता येतो. मात्र किती जणांनी एखादी मालिका पाहिली आणि किती जणांना ती मनापासून आवडली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चाहत्यांच्या क्रमवारीचा उगम या फरकातच आहे.

पार्श्वभूमी

१९७४ च्या ऑक्टोबरमध्ये 'स्पेस बॅटलशिप यामातो' ही मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. त्याच वारी त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर इसाओ ताकाहाता दिग्दर्शित 'हायडी' ही लोकप्रिय मालिका चालू होती. 'यामातो'ला पुरेसा प्रेक्षक मिळाला नाही आणि नियोजित भागांपेक्षा कमी, म्हणजे २६ भागांतच ती आटोपती घ्यावी लागली. मात्र पुनःप्रक्षेपणांमधून तिचा चाहतावर्ग वाढत गेला, शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींनी मंडळे स्थापन केली, आणि १९७७ मध्ये मालिकेतील दृश्ये जोडून तयार केलेला चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा चित्रपटगृहांबाहेर रांगा लागल्या.

'मोबाइल सूट गंडम' (१९७९–८०) या मालिकेच्या वाट्यालाही हेच आले. ५२ भागांची ही मालिका ४३ भागांवर थांबवण्यात आली. प्रायोजकांच्या दृष्टीने ती अपयशी होती. तथापि पुनःप्रक्षेपणे आणि १९८० पासून विक्रीस आलेल्या यंत्रमानवांच्या जुळणी-प्रतिकृती यांमुळे तिची लोकप्रियता वाढली. २२ फेब्रुवारी १९८१ रोजी तोक्योतील शिंजुकु स्थानकाबाहेर चित्रपटाच्या प्रचारासाठी भरवलेल्या मेळाव्याला हजारो तरुण जमले. तेथे दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांच्या उपस्थितीत ॲनिमेच्या नव्या युगाची घोषणा करण्यात आली.

या दोन्ही उदाहरणांत प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांनी एक निर्णय दिला आणि चाहत्यांनी दुसरा. चाहत्यांचा निर्णय मोजण्याचे साधन मात्र तोवर उपलब्ध नव्हते.

'ॲनिमेज' आणि वाचकांचे मतदान

१९७८ मध्ये तोकुमा शोतेन या प्रकाशन संस्थेने 'ॲनिमेज' हे मासिक सुरू केले. हिदेओ ओगाता हे त्याचे पहिले संपादक होते. पुढे स्टुडिओ जिब्लीचे निर्माते म्हणून प्रसिद्धीस आलेले तोशिओ सुझुकी आरंभापासून संपादक मंडळात होते. मासिकाने १९७९ पासून 'ॲनिमे ग्रां प्री' या नावाने वाचकांचे मतदान सुरू केले. वाचकांनी आपली मते मासिकाकडे पाठवायची आणि एकत्रित निकाल मासिकात छापून यायचा, अशी ही साधी पद्धत होती. सर्वोत्कृष्ट कलाकृतीखेरीज पुरुष पात्र, स्त्री पात्र, आवाज देणारे कलाकार आणि गीत यांसाठीही मते घेतली जात. मालिकेतील एखाद्या विशिष्ट भागासाठी असलेला स्वतंत्र विभाग विशेष लक्षणीय होता. संपूर्ण मालिका मध्यम असली तरी तिचा एखादा भाग अविस्मरणीय असू शकतो, ही गोष्ट वाचकांना आणि संपादकांना ठाऊक होती.

ग्रां प्रीच्या निकालांतून त्या काळातील अभिरुचीचा आलेख काढता येतो. १९८० च्या दशकात हयाओ मियाझाकी यांच्या चित्रपटांचा प्रभाव ठळक आहे: १९८४ मध्ये 'नाउसिका', १९८६ मध्ये 'लापुता', १९८८ मध्ये 'माय नेबर तोतोरो' आणि १९८९ मध्ये 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' यांना अग्रस्थान मिळाले. या यशात मासिकाचा स्वतःचाही वाटा होता, हे विसरता येत नाही. मूळ चित्रकथा नसलेल्या चित्रपटासाठी पैसा उभा राहत नव्हता, म्हणून मियाझाकी यांनी 'नाउसिका' ही चित्रकथा १९८२ पासून 'ॲनिमेज'मध्येच क्रमशः लिहिण्यास सुरुवात केली. तिच्या वाचकांच्या पाठबळावर १९८४ चा चित्रपट उभा राहिला. म्हणजे मत देणारा वाचक मत देण्याआधीच त्या कलाकृतीशी वर्षानुवर्षे बांधला गेला होता. ग्रां प्रीला संपूर्ण जपानचा कौल मानणे त्यामुळे योग्य ठरत नाही. एका मासिकाच्या निष्ठावंत वाचकांचा कौल म्हणून मात्र तो अत्यंत विश्वासार्ह आहे.

१९९० च्या दशकात 'सेलर मून' (१९९२) आणि 'यू यू हाकुशो' (१९९३ व १९९४) यांच्यानंतर हिदेआकी आन्नो यांच्या 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन'ने १९९५ व १९९६ अशी सलग दोन वर्षे अग्रस्थान मिळवले, आणि १९९७ मध्ये त्याच मालिकेचा समारोप करणारा चित्रपट पहिला आला. मालिकेच्या अखेरच्या दोन भागांवर चाहत्यांनी कठोर टीका केली होती. शेवट न पटूनही मालिका अग्रस्थानी ठेवणारे हे मतदान आवड आणि समाधान यांतील अंतर दाखवते.

एकच प्रश्न, वेगळी उत्तरे

मते कोणाकडून आणि कशी घेतली यावर क्रम किती अवलंबून असतो, हे जपानमधील मोठ्या सर्वेक्षणांवरून दिसते. २००५ मध्ये टीव्ही आसाही या वाहिनीने सर्वोत्कृष्ट १०० ॲनिमेंची निवड केली. तिच्यात देशव्यापी सर्वेक्षण आणि इंटरनेट मतदान अशा दोन निराळ्या याद्या होत्या व त्यांतील क्रम जुळत नव्हता. इंटरनेट मतदानात 'फुलमेटल अल्केमिस्ट' ही तेव्हा नुकतीच संपलेली मालिका पहिली आली. २००६ मध्ये जपानच्या सांस्कृतिक व्यवहार संस्थेच्या माध्यमकला महोत्सवाने घेतलेल्या सर्वेक्षणात 'इव्हँजेलियन' पहिले, तर 'नाउसिका' दुसरे ठरले. २०१७ मध्ये जपानी ॲनिमेच्या शताब्दीनिमित्त सार्वजनिक वाहिनी एनएचकेने मतदान घेतले. त्यात पहिला क्रमांक 'टायगर अँड बनी' या २०११ च्या मालिकेला मिळाला. जपानबाहेर ती 'दोरेमोन' किंवा 'ड्रॅगन बॉल' यांच्याइतकी परिचित नाही, त्यामुळे परदेशी वाचकांना हा निकाल अनपेक्षित वाटला. तिचा चाहतावर्ग संख्येने तुलनेने लहान असला तरी अत्यंत चिकाटीचा आहे, आणि खुल्या मतदानात मत न देणाऱ्या लाखो जणांच्या आवडीची नोंदच होत नाही.

गुणांकन आणि भारित सरासरी

२००० च्या दशकात पाहिलेल्या मालिकांची नोंद ठेवण्याची आणि त्यांना गुण देण्याची संकेतस्थळे निर्माण झाली. त्यांपैकी 'मायॲनिमेलिस्ट' हे सर्वाधिक परिचित आहे. येथे सदस्य प्रत्येक मालिकेला १ ते १० गुण देतात. मासिकातील मतदानात वाचक फक्त आवडत्या कलाकृतीचे नाव लिहीत असे. गुणांकनात न आवडलेल्या कलाकृतीविषयीचे मतही नोंदवले जाते. हा बदल वरवर किरकोळ वाटला तरी त्याचे परिणाम दूरगामी ठरले.

गुणांची साधी सरासरी काढल्यास ज्या मालिकेला दहाच जणांनी पैकीच्या पैकी गुण दिले ती सर्वांत वर जाईल. हे टाळण्यासाठी भारित सरासरी वापरतात. या पद्धतीत प्रत्येक कलाकृतीला जणू काही काल्पनिक मते आधीच मिळालेली आहेत असे धरले जाते, आणि त्या मतांचे मूल्य सर्व कलाकृतींच्या एकूण सरासरीइतके मानले जाते. उदाहरणादाखल, एकूण सरासरी ६.५ आणि काल्पनिक मते ५० आहेत असे समजू. एका मालिकेला ५० जणांनी सरासरी ९.५ गुण दिले, तर खरी आणि काल्पनिक मते सारखीच असल्याने तिचा भारित गुण ८.० होईल. दुसऱ्या मालिकेला ९५० जणांनी सरासरी ९.० गुण दिले, तर तिचा भारित गुण ८.८७५ येईल. कमी सरासरी असूनही दुसरी मालिका वर जाते, कारण तिच्या सरासरीमागे अधिक लोकांचा पुरावा आहे. मते वाढत जातात तसा काल्पनिक मतांचा प्रभाव नगण्य होतो. याशिवाय ज्या सदस्याने मालिकेचा किमान एक पंचमांश भाग पाहिलेला नाही त्याचे गुण 'मायॲनिमेलिस्ट'वर गणनेत धरले जात नाहीत.

तरीही एक दोष या सूत्राने दूर होत नाही. एखाद्या दीर्घ मालिकेचे चौथे पर्व कोण पाहतो? ज्याला आधीची तीन आवडली तोच. न आवडलेले प्रेक्षक वाटेतच गळालेले असतात. परिणामी उत्तरपर्वांना मिळणारे गुण मूळ मालिकेपेक्षा चढे असतात, आणि वरच्या स्थानांवर उत्तरपर्वांची गर्दी होते. 'गिंतामा' या विनोदी मालिकेची अनेक पर्वे एकाच वेळी अग्रक्रमांत दिसतात ती यामुळेच. त्या मालिकेची गुणवत्ता वादातीत असली, तरी नव्या प्रेक्षकाने केवळ गुण पाहून तिचे उत्तरपर्व आधी पाहायला घेतल्यास त्याला त्यातील निम्मे विनोदही कळणार नाहीत. याच संकेतस्थळावर सदस्यसंख्येनुसार लोकप्रियतेचा वेगळा क्रमही असतो. त्यात 'अटॅक ऑन टायटन' आणि 'डेथ नोट' यांसारख्या, अनेकांनी सर्वप्रथम पाहिलेल्या मालिका वर असतात. नवख्या प्रेक्षकाला बहुधा ही दुसरी यादीच अधिक उपयोगी पडते.

संघटित मतदान व वाद

'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड' (२००९–१०) ही हिरोमु अराकावा यांच्या चित्रकथेवरील ६४ भागांची मालिका 'मायॲनिमेलिस्ट'च्या क्रमवारीत दीर्घकाळ पहिल्या स्थानी होती. एखादी नवी मालिका तिच्या जवळ पोहोचली की दोन्ही बाजूंचे काही चाहते प्रतिस्पर्धी मालिकेला १ गुण देऊन तिला खाली खेचण्याचा प्रयत्न करत. २०२३ च्या सप्टेंबरअखेर सुरू झालेल्या 'फ्रीरेन' या २८ भागांच्या मालिकेने 'ब्रदरहुड'ला मागे टाकले तेव्हाही हे घडले. अशा गुणांना रसग्रहण म्हणता येत नाही, कारण ते देणाऱ्याचा रोख कलाकृतीपेक्षा यादीवर असतो. अशी खोटी मते छाननीत वगळण्याचे उपाय संकेतस्थळे करतात. पण कोणते मत प्रामाणिक नापसंतीचे आणि कोणते द्वेषाचे, हे आकड्यावरून ओळखणे अवघड असते.

जपानमध्ये या प्रश्नाला वेगळे वळण मिळाले. '२चॅनल' या चर्चामंचाच्या सदस्यांनी २००२ पासून स्त्री पात्रांची बाद फेरी पद्धतीची स्पर्धा भरवली. पहिल्या वर्षी 'कार्डकॅप्टर साकुरा'ची नायिका साकुरा किनोमोतो विजयी ठरली. एकाच व्यक्तीने अनेकदा मत देऊ नये म्हणून मतदारांना आधी सांकेतिक क्रमांक घ्यावा लागे. मतासोबत चाहते आपल्या पात्राच्या बाजूने लिहीत, चित्रे काढत. निकालापेक्षा हा प्रचारच अनेकांना प्रिय होता.

क्रंचीरोल या प्रसारण सेवेने २०१७ पासून वार्षिक पुरस्कार देण्यास सुरुवात केली. पहिल्या वर्षी खुल्या मतदानात 'युरी!!! ऑन आइस' या स्केटिंगवरील मालिकेने बहुतेक महत्त्वाचे विभाग जिंकले. तिच्या चाहत्यांना हा आपल्या प्रेमाचा विजय वाटला, तर इतरांनी संपूर्ण पुरस्कार एकाच गटाच्या हाती गेल्याची तक्रार केली. नंतरच्या वर्षांत परीक्षकांच्या मतांना चाहत्यांच्या मतांपेक्षा अधिक वजन देण्यात आले. त्यामुळे तो पुरस्कार पूर्णतः चाहत्यांचा राहिला नाही, आणि तरीही वाद थांबलेले नाहीत.

अनौपचारिक याद्या

मतदानाबाहेरही चाहते आपापल्या याद्या करतात. आवडत्या नऊ कलाकृतींची चित्रे तीन बाय तीनच्या चौकटीत मांडणे, किंवा कलाकृतींची एस, ए, बी, सी अशा श्रेणींत विभागणी करणे, हे त्यांतील रूढ प्रकार आहेत. 'ए'च्याही वर 'एस' ही श्रेणी ठेवण्याची पद्धत जपानी खेळांतून जगभर परिचित झाली. श्रेणीपद्धतीचा एक लाभ असा की सातवा आणि आठवा क्रमांक यांतील निरर्थक भांडण टळते.

जपानमध्ये जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार हंगामांत नव्या मालिका सुरू होतात व त्यांपैकी अनेक बारा-तेरा भागांच्या असतात. त्यामुळे हंगामागणिक नवी क्रमवारी तयार होते. हंगामावर वर्चस्व गाजवणाऱ्या मालिकेला जपानी चाहते 'हाकेन' ॲनिमे म्हणतात. हे वर्चस्व पूर्वी प्रामुख्याने चकत्यांच्या विक्रीवरून ठरवले जाई. तीन भाग पाहिल्याखेरीज मत बनवू नये, असा संकेतही चाहत्यांमध्ये आहे. 'मादोका माजिका' (२०११) या मालिकेच्या तिसऱ्या भागातील कलाटणीचा दाखला त्यासाठी हमखास दिला जातो.

भारतातील चाहते

भारतात २००४ मध्ये ॲनिमॅक्स ही वाहिनी सुरू झाली आणि २००५ पासून हंगामा वाहिनीवर 'दोरेमोन' हिंदीत दिसू लागली. या पिढीच्या याद्यांत बालपणी हिंदीतून पाहिलेल्या मालिका आणि पुढे उपशीर्षकांसह पाहिलेल्या मालिका यांची सरमिसळ आढळते; 'दोरेमोन'ला आठवणींमुळे स्थान द्यावे की गुणवत्तेमुळे, हा त्यामुळे येथील चर्चेतला नेहमीचा मुद्दा आहे. मुंबईच्या पार्श्वभूमीवर क्रिकेटपटू होऊ पाहणाऱ्या गरीब मुलाची कथा सांगणारी 'सूरज: द रायझिंग स्टार' ही मालिका २०१२ मध्ये कलर्स वाहिनीवर आली. ती 'क्योजिन नो होशी' या १९६८ च्या बेसबॉलविषयक जपानी मालिकेचे भारतीय रूप होती. जपानी मूळ कृतीला जुन्या पिढीच्या आवडीत मानाचे स्थान असले तरी भारतीय चाहत्यांच्या याद्यांत 'सूरज' क्वचितच आढळते.

भारतीय चाहत्यांचे संख्याबळ २०१९ मध्ये ठळकपणे दिसले. माकोतो शिनकाई यांचा 'वेदरिंग विथ यू' हा चित्रपट भारतात प्रदर्शित व्हावा यासाठी चाहत्यांनी ऑनलाइन याचिका चालवली आणि हजारोंनी तिच्यावर स्वाक्षऱ्या केल्या. ११ ऑक्टोबर २०१९ रोजी चित्रपट भारतात प्रदर्शित झाला आणि त्यानिमित्ताने शिनकाई स्वतः भारतात आले. २०२५ मध्ये क्रंचीरोलच्या पुरस्कारांत हिंदी आवाज-अभिनयासाठी स्वतंत्र विभाग समाविष्ट करण्यात आला.