साडेबारा वाजता इफ्तार

टांझानियातल्या दारेस्सलाम शहरात नव्याने गेलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात घड्याळच चकवते. स्वाहिली भाषेत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, संध्याकाळचे सहा म्हणजे बारा. प्लंबर 'उद्या तीनला येतो' म्हणाला की तो सकाळी नऊला दारात हजर असतो आणि घरची मंडळी दुपारी त्याची वाट पाहायच्या बेतात असतात. रमजानमध्ये आणखी गंमत. विषुववृत्त जवळ असल्याने तिथला सूर्य वर्षभर सहा-साडेसहाच्या आगेमागेच मावळतो. म्हणजे तिथल्या बोलीत इफ्तार साडेबाराला! रत्नागिरीच्या आईला फोनवर हे सांगितले तर ती आधी काळजीतच पडते.

कोकणातल्या मुस्लिम घरांना परदेश नवा नाही. आजोबा बोटीवर, वडील कुवेत-दुबईला, हे गावोगावचे चित्र. पण आखातातला परदेश वेगळा आणि आफ्रिकेतला वेगळा. आखातात माणूस बहुधा एकटा जातो, एका खोलीत पाच-सहा जण राहतात, वीज-पाण्याची ददात नसते आणि मूळ रहिवासी आपल्यापेक्षा श्रीमंत असतो. दारेस्सलामला अकाउंटंट, इंजिनिअर किंवा काजूच्या व्यापारातला माणूस बायको-मुलांसह जातो. (आपल्याकडच्या काजू कारखान्यांत फुटणारी बी बरीचशी आफ्रिकेतूनच येते.) तिथे वीज जाते, पाण्याचा टँकर मागवावा लागतो, मच्छरदाणीशिवाय झोपण्याची सोय नाही, आणि घराच्या फाटकावर पगारी पहारेकरी असतो. कुवेतला बाप दुसऱ्याच्या दारात उभा होता. इथे मुलाच्या दारात दुसरा उभा आहे.

गैरसोयी लवकर अंगवळणी पडतात. विजेचा मीटर आधी पैसे भरून चालतो. त्याला 'लुकू' म्हणतात, आणि तो रात्री दोनला संपतो तेव्हा मोबाईलवरून पैसे भरून आलेला लांबलचक आकडा अंधारात मीटरवर दाबायचा असतो. मार्च ते मे मोठा पाऊस, 'मसिका'. ऑक्टोबरनंतर छोटा, 'वुली'. कोकणच्या माणसाला पावसाचे भय कसले? रिक्षाला तिथे 'बजाजी' म्हणतात. पुण्याच्या कंपनीचे नाव तिथे वाहनाचेच नाव होऊन बसले आहे.

भाषेची मात्र परीक्षा असते. अरबीतून आलेले शब्द ओळखीचे वाटतात: दुनिया, किताबु, हेसाबु, तयारी. दवा म्हणजे औषधच. त्या भरवशावर माणूस पुढे जातो आणि नात्यांपाशी अडतो. स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण, 'काका' म्हणजे भाऊ आणि 'मामा' म्हणजे आई. भाजीवालीला 'दादा' म्हणून हाक मारायला मराठी जीभ आठवडाभर तयार होत नाही. वडीलधाऱ्याला 'शिकामो' म्हणायचे. जुना अर्थ, मी आपले पाय धरतो. उत्तर येते 'मरहबा'. ज्या मुलांना इथे आजी-आजोबांच्या पाया पडायला सांगावे लागते, ती तिथे महिन्याभरात वॉचमनला शिकामो म्हणू लागतात, आणि आई-बापांना क्षणभर काय बोलावे ते कळत नाही. आणखी एक गंमत: उर्दूत 'हरकत में बरकत' म्हणतात, हातपाय हलवले तर बरकत. स्वाहिलीत तेच दोन शब्द उलटे फिरले आहेत: 'हराका हराका हाइना बराका', घाईत बरकत नाही. मुंबईच्या लोकलवर वाढलेल्या माणसाला हे पटायला वर्ष लागते.

मशिदीत परकेपण सर्वांत कमी. भारतातले बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी, पण कोकणी मुसलमान शाफई, आणि आफ्रिकेच्या या किनाऱ्यावरचेही शाफईच. समुद्राच्या वाटेने दोन्ही किनाऱ्यांवर एकच रीत आलेली. अलाहाबादचा माणूस तिथे आधी आजूबाजूला पाहतो. दापोलीचा थेट सफेत उभा राहतो, कारण नमाजाची ढब घरचीच. स्वयंपाकघरही फार दूर नाही. सहेरीला 'दाकू' म्हणतात आणि त्या वेळी उठवायला जुन्या वस्त्यांतून ढोल वाजवत पोरे फिरतात. इफ्तारचे खाणे 'फुतारी'. त्यात खजूर आणि समोसा आहेतच, पण मुख्य म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला कसावाचा कंद, रताळी, वाल-घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे. खोबरे बसल्या बसल्या खवायची पाटासारखी खवणी पाहून कोकणातली बाई ती आपलीच समजून ओढते. मासळीबाजारात 'न्गुरू' मागितला की सुरमई मिळते. फुतारीला ख्रिस्ती शेजारीही येऊन बसतात. त्याचे तिथे कोणाला नवल नाही.

अवघड गोष्ट फाटकापाशी आहे. भारतीय वस्त्यांत भिंती उंच आहेत आणि त्यांना इतिहासही आहे. १९६४ च्या झांझिबारच्या उठावात अनेक भारतीय घरे उठली, १९७१ मध्ये टांझानियाच्या सरकारने भाड्याच्या इमारती ताब्यात घेतल्या तेव्हा त्यांतल्या पुष्कळशा भारतीयांच्या होत्या. जुन्या मंडळींच्या सावधपणाचे हे कारण समजण्यासारखे आहे. पण त्या सावधपणाच्या आडून नव्याने गेलेल्यांत एक वाईट सवयही शिरते: कामवालीशी तुसडेपणाने बोलायचे, 'हे लोक असेच' म्हणायचे. आखातात 'हिंदी' म्हणून ऐकलेले सगळे बोल तोंडात उलटे येतात.

रमजानमध्ये हे झाकता येत नाही, कारण पहारेकरीही बहुधा रोजेदार असतो. अजान दोघांनाही एकाच वेळी ऐकू येते. काही घरांतून ताट फाटकावर जाते आणि तो आपल्या खुर्चीत एकटा खातो. काही घरांत अंगणात चटई पसरतात आणि घरमालक, ड्रायव्हर, पहारेकरी एकाच मोठ्या थाळ्यातून खातात. किनाऱ्यावरच्या जुन्या मोहल्ल्यांत ही मूळची रीत, शेजारी आपापली भांडी बाहेर आणून एकत्र बसतात. पहिल्या वर्षी ताट पाठवणारे घर दुसऱ्या वर्षी चटई पसरते, असे पुष्कळदा होते. नेहमीच होते असे नाही.

मग ईद जवळ येते आणि पैशांचा प्रश्न निघतो. आखातातून जकात आणि फितरा सरळ गावी पाठवायची पद्धत. खोलीतल्या सहा जणांच्या आसपास गरीब कोण होते? इथे गरीब फाटकाबाहेरच आहे. शाफई रीतीप्रमाणे फितरा, माणशी सुमारे अडीच किलो धान्य, माणूस जिथे असेल तिथल्या गरिबाला द्यायचा. त्यामुळे तांदळाच्या पिशव्या आसपासच्या वस्तीत जातात, यावर घरात वाद होत नाही. जकातीवर होतो. गावी विधवा आत्या आहे, मदरशाचे छप्पर आहे, एका पोराची फी आहे. इकडे पहारेकऱ्याच्या मुलीला शाळेचा गणवेश हवा आहे, आणि तो मागतही नाही. बरीच कुटुंबे मध्यम मार्ग काढतात: निम्मे इथे, निम्मे गावी.

भारताचे घड्याळ अडीच तास पुढे. कोकणात रोजा सुटतो तेव्हा दारेस्सलामला जेमतेम सव्वाचार वाजलेले असतात, उन्हाचा कडाका असतो. फोन येतो तो नेमका तेव्हाच. तिकडे पाणी पिऊन झालेले असते, इकडे घसा कोरडा. खुशाली विचारून झाली की आत्या हळूच विचारते, 'बाबा, यंदा थोडे कमी आले का रे?' आणि तो फाटकाकडे बघत उत्तर शोधतो.