आवाज स्वच्छ, पण किती मोठा?

घरी उत्तम प्रतीचा स्टिरिओ प्रीॲम्प्लिफायर आला की तानपुऱ्याची जवारीही वेगळी ऐकू येते. धोका इथेच असतो. साध्या यंत्रात आवाज फाटू लागला की आपण तो कमी करतो. चांगल्या यंत्रात तो सहसा फाटत नाही. त्यामुळे किती वाढवला, हे लक्षातच येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार आठवड्याला ८० डेसिबल आवाज ४० तास ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबल मात्र फक्त ४ तास. दर ३ डेसिबलला ध्वनिऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा होतो. माणसाच्या अंतर्कर्णातील केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा तयार होत नाहीत.

सुरू करताना आवाजाचे बटण सर्वांत खाली ठेवा. आधी प्रीॲम्प्लिफायर लावा, शेवटी स्पीकर चालवणारा पॉवर ॲम्प्लिफायर. बंद करताना उलट क्रम ठेवा; म्हणजे स्पीकरमधून दणका बसत नाही. मग जोरकस गाणे लावून, बसायच्या जागी मोबाइलवरील ध्वनिमापक ॲपने अंदाज घ्या आणि ८० डेसिबलपाशी बटणावर खूण करा. ऐकून झाल्यावर कानात गुणगुण राहिली, तर आवाज जास्त होता. ती थांबली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.