सूप फेकलं खरं, पण कुणावर?

व्हॅन गॉगच्या चित्रावर टोमॅटो सूप ओतणाऱ्या पोरींवर अख्खं जग चिडलं. सातारा-सांगलीचा माणूस काय म्हणेल? या भागात कधीकाळी ट्रेन लुटली गेली, रस्त्यावर दूध ओतलं गेलं, अगदी राज्य सोडायची धमकीही दिली गेली. तेव्हा लोक कधी चिडले, कधी पाठीशी उभे राहिले. असं का?

जरा कल्पना करा. जुलै २०२४. साताऱ्यातलं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून आणलेली वाघनखं १९ तारखेपासून बघायला ठेवली आहेत. बाहेर रांग. कुणी कऱ्हाडहून आलंय, कुणी विट्याहून. आजोबा नातवाला कडेवर घेऊन उभे आहेत. तेवढ्यात रांगेतली दोन पोरं पुढे होतात, सॅकमधून डबा काढतात आणि काचेवर सूप ओतून मोकळी होतात. वर ओरडतात, 'डोंगर वाचवा, पाणी वाचवा!'

पुढचं सांगायलाच नको. काच पुसली जायच्या आधी त्या पोरांचं काय झालं असतं, हे तुम्हालाही माहितेय आणि मलाही. त्यांची मागणी काय होती, हे विचारायला कुणी थांबलंच नसतं.

घाबरू नका, असलं काही साताऱ्यात घडलेलं नाही. लंडनमध्ये मात्र घडलं.

दोन पोरी, दोन डबे

१४ ऑक्टोबर २०२२. नॅशनल गॅलरीत 'जस्ट स्टॉप ऑइल' या संघटनेच्या फीबी प्लमर आणि अ‍ॅना हॉलंड या दोघींनी व्हॅन गॉगच्या १८८८ सालच्या 'सनफ्लॉवर्स'वर टोमॅटो सूपचे डबे रिकामे केले. मग हाताला गोंद लावून भिंतीला चिकटून बसल्या. एकीचं वय २१, दुसरीचं २०. सरकारने नव्या तेल आणि गॅस प्रकल्पांना परवानगी देऊ नये, ही त्यांची मागणी. आणि सवाल एकच : कलेची किंमत जास्त की जगण्याची?

चित्रावर काच होती, त्यामुळे सूर्यफुलं सुखरूप राहिली. जुन्या फ्रेमचं मात्र नुकसान झालं, जवळपास दहा हजार पौंडांचं. पण तोवर लाट आली होती. त्याच महिन्यात जर्मनीतल्या पोट्सडॅममध्ये मोनेच्या चित्रावर बटाट्याचा लगदा पडला. पुढच्या महिन्यात व्हिएन्नात क्लिम्टच्या चित्रावर काळं द्रव. 'मोनालिसा'ला तर मे २०२२ मध्येच केक फासून झाला होता, जानेवारी २०२४ मध्ये तिलाही सूप मिळालं!

सप्टेंबर २०२४ मध्ये लंडनच्या कोर्टाने प्लमरला दोन वर्षांची, तर हॉलंडला २० महिन्यांची कैद सुनावली. आणि त्याच दिवशी त्यांच्याच संघटनेच्या लोकांनी गॅलरीत जाऊन पुन्हा सूर्यफुलांवर सूप ओतलं. आता बोला!

'मुद्दा पटतो, पण...'

यावर लोकांचे सरळ तीन गट पडले. पहिला गट म्हणाला, आत टाका यांना. दुसरा म्हणाला, पृथ्वी जळतेय आणि तुम्हाला फ्रेमची पडलीय? तिसरा गट सगळ्यात मोठा, आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये तो हमखास भेटतो. 'मुद्दा पटतो यार, पण पद्धत चुकली.'

या तिसऱ्या गटाचा अंदाज आकड्यांतही दिसला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अ‍ॅनेनबर्ग केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांना विचारलं, की असल्या प्रकारांनी हवामानाच्या प्रश्नाला तुमचा पाठिंबा वाढतो की कमी होतो? ४६ टक्के म्हणाले, कमी होतो. वाढतो म्हणणारे फक्त १३ टक्के. बाकीच्यांना काही फरक पडत नव्हता. त्याच महिन्यात जगभरातल्या नव्वदहून जास्त संग्रहालयांच्या प्रमुखांनी एकत्र पत्रक काढलं. या वस्तू किती नाजूक असतात, याची तुम्हाला कल्पना नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

विषय इथेच मिटायला हवा. पण एक गोष्ट खटकते. याच 'जस्ट स्टॉप ऑइल'वाल्यांनी एप्रिल २०२२ मध्ये थेट तेलाची टर्मिनल अडवली होती. ज्याच्याशी भांडण, त्याच्याच दारात. ते तुमच्या लक्षात आहे? नाही ना? सूप मात्र लक्षात आहे.

म्हणजे नेम बरोबर धरला तर कुणी बघत नाही, आणि सगळ्यांनी बघावं असं केलं तर सगळे चिडतात. या कोड्याचं उत्तर शोधायला आपण सातारा-सांगलीत जाऊ. कारण नुकसान करून लक्ष वेधण्याचा अनुभव या दोन जिल्ह्यांच्या गाठीशी भरपूर आहे.

शेणोलीची ट्रेन

सातारा आणि सांगली तेव्हा एकच होते. १९४२ च्या चळवळीनंतर इथे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभं राहिलं. टेलिफोनच्या तारा तोडल्या गेल्या, सरकारी डाकबंगले जाळले गेले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ जी. डी. बापू लाड आणि तुफान सेनेने सरकारी पगाराचे पैसे नेणारी ट्रेन लुटली.

आजच्या भाषेत सांगायचं तर हा सार्वजनिक मालमत्तेवरचा हल्लाच होता. तरी गावोगावच्या लोकांनी या मंडळींना घरात लपवलं, भाकरी दिली. का? कारण तार कुणाची, बंगला कुणाचा, ट्रेनमधला पैसा कुणासाठी चाललाय, हे शेतातल्या माणसालाही कळत होतं. ते समजावून सांगायला पत्रक वाटावं लागत नव्हतं.

आणि गंमत बघा. बापूंचं कुंडल हे गाव तेव्हा औंध संस्थानात होतं. त्या संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ मध्ये औंधला यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभारलं. राजा रविवर्मा, धुरंधर आणि चक्क हेन्री मूरचं शिल्पसुद्धा तिथे आहे. भूमिगतांना याच संस्थानात आसरा मिळाला. म्हणजे एकीकडे तारा तुटत होत्या आणि त्याच मुलखात चित्रं भिंतीवर शांत लटकत होती. त्या चित्रांशी कुणाचं भांडणच नव्हतं.

(जाता जाता : व्हॅन गॉगसाठी हळहळणाऱ्या आपल्यापैकी किती जण औंधला जाऊन आलेत? पुण्याहून वीकएंडला सहज होतं. कासच्या फुलांना गर्दी करतोच की आपण!)

रस्त्यावरचं दूध

आता थोडं अलीकडे या. जुलै २०१८. दुधाच्या दरासाठी स्वाभिमानी शेतकरी संघटनेचं आंदोलन पेटलं. पश्चिम महाराष्ट्रात टँकर अडवले गेले, दूध रस्त्यावर ओतलं गेलं. शहरातली प्रतिक्रिया आठवतेय? 'ओतण्यापेक्षा गरिबाला द्या की!' सूपवाल्या पोरींनाही लोकांनी हेच सुनावलं होतं, अन्न वाया घालवता म्हणून.

पण इथे एक फरक होता. ओतलेलं दूध आंदोलन करणाऱ्यांच्याच गोठ्यातलं होतं. नुकसान त्यांचं स्वतःचं. शिवाय मागणी दुधाचीच आणि ओतलं तेही दूधच. चहा ढवळता ढवळता चिडलेल्या माणसालाही नक्की कशाबद्दल चाललंय ते कळत होतं. चार दिवसांत लिटरला किमान २५ रुपयांचा तोडगा निघाला.

जतने नकाशालाच हात घातला

आणि आता सगळ्यात जवळचं उदाहरण. लंडनमध्ये सूप पडलं, त्याच्या पुढच्याच महिन्यात सांगली जिल्ह्यातला जत तालुका देशभर गाजला.

जत म्हणजे सांगलीचं पूर्वेकडचं टोक. कायम दुष्काळी. त्याच जिल्ह्यातून कृष्णा वाहते, पण जतच्या पूर्व भागातली चाळीसेक गावं पिढ्यानपिढ्या पाण्याची वाट बघत होती. पाणी देणार नसाल तर आम्ही कर्नाटकात जातो, असे ठराव २०१२ च्या सुमारास झाले होते. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी तेच ठराव बाहेर काढून जतवर दावा सांगितला. पाठोपाठ तिकोंडीसारख्या गावात लोकांनी कर्नाटकचे झेंडेही नाचवले.

महाराष्ट्रात सीमाप्रश्न म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. बेळगावसाठी माणसांनी जीव दिलेत. अशा राज्यात, आम्ही पलीकडे जातो, असं म्हणणं म्हणजे काचेवर सूप ओतणं नाही, थेट कॅनव्हासला हात घालणं! लोक भडकलेच. दोन्हीकडच्या बसना काळं फासलं गेलं, ट्रकवर दगड पडले.

पण पुढे काय झालं ते महत्त्वाचं. टीव्हीवाले जतला पोचले. आणि कॅमेऱ्यासमोर कोण आलं? कोरडी विहीर, मोकळी घागर आणि वैतागलेला शेतकरी. दोन-चार दिवसांत चर्चा 'हे गद्दार कोण?' वरून 'यांना इतकी वर्षं पाणी का नाही?' वर आली. राज्य सरकारने सुमारे दोन हजार कोटींची विस्तारित म्हैसाळ योजना मार्गी लावण्याची घोषणा केली. दहा वर्षं फायलीत पडलेला विषय एका महिन्यात टेबलावर!

सूपही ओतलं गेलं आणि मागणीही ऐकली गेली. लंडनला जे जमलं नाही, ते जतला कसं काय जमलं?

तीन साधे प्रश्न

शेणोली, दूध आणि जत शेजारी ठेवून बघितलं, तर लोक मनातल्या मनात तीन प्रश्न विचारतात असं वाटतं.

एक, ज्या वस्तूला हात लावला तिचा मागणीशी संबंध काय? दूध आणि दुधाचा दर, यात समजावण्यासारखं काही नाही. सूर्यफुलं आणि तेलविहिरी यांच्यात मात्र भाषण द्यावं लागतं, आणि भाषण संपेपर्यंत लोक निघून गेलेले असतात.

दोन, नुकसान कुणाचं? स्वतःचं असेल तर लोक हळहळतात. समोरच्या बलाढ्याचं असेल तर काही जण गालात हसतात. सगळ्यांच्या मालकीच्या गोष्टीचं असेल तर मात्र सगळेच मालक चिडतात.

आणि तीन, हे करणारा त्या दुःखात स्वतः आहे का? जतच्या माणसाला कुणी विचारू शकत नव्हतं, की तुला काय माहीत तहान म्हणजे काय?

अर्थात हिशेब इतका सोपाही नाही. १९१४ मध्ये मेरी रिचर्डसन या बाईंनी त्याच नॅशनल गॅलरीत व्हेलास्केथच्या व्हीनसच्या चित्रावर सुरे चालवले होते, महिलांच्या हक्कांसाठी. तेव्हा तिला वेडी ठरवलं गेलं. चार वर्षांत ब्रिटनमधल्या तिशीपुढच्या बऱ्याच महिलांना मताचा अधिकार मिळाला. तो सुऱ्यामुळेच मिळाला असं कुणी म्हणणार नाही. पण आज तिची गोष्ट सांगताना सूर बदललेला असतो. 'जस्ट स्टॉप ऑइल'नेही मार्च २०२५ मध्ये रस्त्यावरची आंदोलनं थांबवत असल्याचं जाहीर केलं. आपली मुख्य मागणी आता सरकारी धोरण झाली, असा त्यांचा दावा. तो किती खरा, यावर तिकडे अजून भांडणं चालू आहेत.

मग आपण काय करायचं?

विषय तिकडचा आहे असं समजू नका. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा साताऱ्यातून सांगलीत येते. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ब्रह्मनाळला बचावाची नाव उलटून माणसं गेली. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या, आणि सांगली पुन्हा पाण्यात. तेव्हा पुण्या-मुंबईत बसलेले आपण रात्रभर घरी फोन लावत होतो, 'पाणी कुठपर्यंत आलंय?'

राग येण्यासारखं हेच आहे. आणि तो राग कसा काढायचा, याचंही एक उदाहरण सांगलीतच आहे. जुलै २०२०, लॉकडाऊनचे दिवस. मिरज तालुक्यातल्या भोसे गावात यल्लम्मा मंदिराजवळचा सुमारे चारशे वर्षांचा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड येत होता. लोक झाडाजवळ जमले, सोशल मीडियावर फोटो फिरले, मंत्र्यांपर्यंत पत्रं गेली. शेवटी केंद्रीय मंत्री नितीन गडकरींनी रस्त्याची आखणी बदलायला सांगितली आणि झाड तोडायचं टळलं. तिथे कुणाला काही फोडावं लागलं नाही. ज्यासाठी भांडण होतं, त्यालाच लोकांनी मिठी मारली.

दर वेळी असं जमेलच असं नाही. पुराला मिठी मारता येत नाही, आणि धोरणाला तर नाहीच. पण पुढच्या वेळी मोबाइलवर सूप फेकल्याचा व्हिडिओ आला, तर 'काय हा माज!' असं टाइप करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारून बघा. फ्रेमसाठी आपण जेवढे चिडलो, तेवढे ५७ फुटांसाठी चिडलो होतो का? उत्तर 'हो' असेल, तर त्या पोरींना खुशाल शिव्या घाला. तुमचा हक्कच आहे तो!