अँथनी गोन्साल्विस : गाण्यापलीकडचे कर्तृत्व

‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) चित्रपटातील गाण्यामुळे अँथनी गोन्साल्विस हे नाव सर्वदूर ठाऊक झाले; पण त्यामागच्या माणसाची खरी ओळख व्हायोलिनवादक, संगीत संयोजक आणि वाद्यवृंद संचालक अशीच असायला हवी. गोव्यातील माजोर्डा येथे १९२७ मध्ये जन्मलेल्या गोन्साल्विस यांनी मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नाव कमावले. तेवढ्यावर न थांबता १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला आणि रागांवर आधारलेल्या रचना पाश्चात्त्य वाद्यमेळासाठी स्वरलिपीत बांधल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले.

स्वरलिपीत बांधले की राग गोठतो, हा आक्षेप गंभीर आहे. कारण आलापाची उपज कागदावर उतरत नाही. मात्र गोन्साल्विस रागगायनाला पर्याय देत नव्हते. अनेक वाद्यांनी एकत्र राग मांडण्याची वेगळी वाट ते शोधत होते. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले आणि हा प्रयोग थांबला, म्हणून तो फसला असेही म्हणता येत नाही. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या भरदार वाद्यमेळात स्वरलिपीत बांधलेल्या वादनाची ती शिस्त पुढे ऐकू आली. ‘अमर अकबर अँथनी’मधील ते गाणेही लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचेच. गोन्साल्विस यांचे निधन २०१२ मध्ये झाले.