धुराड्याचा हिशेब

घरातील धुराडे नव्याने बांधण्यास किंवा त्याचे आतील अस्तर बदलण्यास किती खर्च येतो, या प्रश्नाचे उत्तर वेरूळसारख्या गावात विटांच्या भावापेक्षा छपराच्या जातीवर अधिक अवलंबून असते. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ३० किलोमीटरवर, खुलताबाद तालुक्यात असलेल्या या गावाच्या डोंगरात काळ्या पाषाणाचा तोटा नाही, आणि ज्या भूमीत कैलास लेण्यासारखे काम डोंगर वरून खाली कोरत गेले त्या भूमीत चार हात उंचीचे धुराडे उभारणे ही बांधकामाची अडचण म्हणता येणार नाही. अडचण निराळ्या ठिकाणी येते. धूर ज्या ठिकाणी छप्पर ओलांडून बाहेर पडतो तेथे, आणि बाहेर पडण्याची ती वाट पुढे वर्षानुवर्षे मोकळी राखण्याच्या कामात, धुराड्यावरील खऱ्या खर्चाचा बहुतांश भाग जातो. अंदाजपत्रकात मात्र नेमक्या याच दोन बाबी बहुधा नसतात.

मराठवाड्यातील जुन्या घरांचे छप्पर म्हणजे माळवद, अर्थात लाकडी तुळयांवर फळकुटे अंथरून त्यांवर मातीचा जाड थर चोपून केलेले सपाट छत. या थरासाठी गावठाणातील पांढरी माती वापरली जाते, कारण ती भिजली की दाटते आणि पाणी सहजी खाली उतरू देत नाही. अशा घरात बांधीव धुराडे बहुधा नसेच. स्वयंपाकघराच्या छतात एक चौकोनी भोक ठेवलेले असे, त्याला साणे म्हणत. उजेड आत येण्याची आणि धूर वर जाण्याची वाट तीच, व पावसात त्यावर परात किंवा फरशी झाकली जाई. या व्यवस्थेला रोख खर्च जवळजवळ शून्य होता. तुळयांवर बसणाऱ्या काजळीमुळे लाकडाला कीड कमी लागते, हा तिचा फायदाही जुनी माणसे सांगत. तथापि त्या फायद्याची किंमत चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांनी आणि फुप्फुसांनी चुकती केली, हे त्या हिशेबात कोणी धरले नाही. घरातील धुरामुळे होणाऱ्या हवेच्या प्रदूषणाने २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

साणे आणि धुराडे यांतील फरक समजण्यासाठी ‘ओढ’ म्हणजे काय हे पाहावे लागते. तापलेली हवा थंड हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे उभ्या नळीत तापलेल्या धुराचा स्तंभ उभा राहिला की बाहेरील जड हवा त्याला खालून वर ढकलते. या दाबाच्या फरकालाच ओढ म्हणतात. तीन मीटर उंचीच्या नळीतील धुराचे सरासरी तापमान १५० अंश सेल्सिअस धरले, तर पौषातल्या १२ अंशांच्या पहाटे ही ओढ सुमारे १२ पास्कल भरते, आणि वैशाखातल्या ४२ अंशांच्या दुपारी ती आठ पास्कलच्या आसपास उतरते. आठ पास्कल म्हणजे पाण्याच्या एक मिलिमीटरहून कमी उंचीच्या स्तंभाचा दाब. ओढ इतकी नाजूक असल्याने नळीतील एखादी भेग, एखादा तिरका सांधा किंवा काजळीचा जाडसर थरही धूर मागे परतवण्यास पुरेसा ठरतो, आणि उन्हाळ्यात धुराडे काम करीनासे झाले अशी जी तक्रार ऐकू येते तिच्यात तथ्य असते. छतातील साध्या भोकाला उंचीच नसल्याने ओढही नसते. तेथून धूर जातो तो खोली भरून उतू गेल्यावर.

चुलीला नळी जोडण्याचा विचार या प्रदेशाला नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या चळवळीतून १९४० च्या दशकात मगन चूल तयार झाली. तिच्यात एकाच जाळावर ओळीने भांडी बसत आणि शेवटी धूर नळीत शिरे. त्यानंतर हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीचा आराखडा केला आणि १९५३ मध्ये त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. वेरूळ त्या वेळी हैदराबाद राज्यातच होते, म्हणजे या गावाच्या दृष्टीने तो संशोधनाचा उद्योग परक्या मुलखातला नव्हता. पुढे केंद्र सरकारने १९८३ च्या अखेरीस सुधारित चुलींचा कार्यक्रम हाती घेतला, तो २००२ पर्यंत चालला, आणि त्यात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, जिची उभारणी आनंद कर्वे यांनी केली, चुलींचे साचे आणि ते वापरून चुली घडवणारे कारागीर या दोन्ही बाजूंनी काम केले. सरकारी कार्यक्रमाचे दुखणे असे की अनुदान चूल बसवण्यासाठी होते, ती चालू ठेवण्यासाठी नव्हते. मोजदाद बसवलेल्या चुलींची झाली, आणि तुंबलेल्या नळ्या कोणाच्याच नोंदवहीत आल्या नाहीत.

आता प्रत्यक्ष बांधकामाकडे वळता येईल. विटांचे धुराडे बांधायचे आणि आतील पोकळी सुमारे नऊ इंच चौरस ठेवायची असे धरले, तर अर्ध्या विटेच्या म्हणजे साडेचार इंच जाडीच्या भिंतीत प्रत्येक थराला सहा विटा लागतात. नऊ इंची वीट व दहा मिलिमीटरचा सांधा धरून चार मीटर उंचीसाठी सुमारे ४७ थर होतात, म्हणजे २८२ विटा, आणि फुटतूट धरून ३००. एकास सहा प्रमाणाच्या मसाल्याला सिमेंटचे साधारण एक पोते पुरते. सिमेंटवरील वस्तू व सेवा कर सप्टेंबर २०२५ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा बांधकाम स्वस्त झाल्याची चर्चा झाली. एका पोत्याच्या धुराड्याला त्या सवलतीने काही फरक पडत नाही. मजुरीचा भाग मोठा असतो. चौकोनी पोकळ खांबासारखे हे काम सरळ भिंतीपेक्षा सावकाश चालते, गवंडी आणि त्याच्या हाताखालचा बिगारी यांचे दोन ते तीन दिवस त्यात जातात, आणि वरच्या टप्प्यासाठी पालख, म्हणजे उभे राहण्यास बांबूंचे मचाण, बांधावा लागतो. अकुशल मजुरीचा तळचा भाव म्हणून महाराष्ट्रातील रोजगार हमीचा २०२५-२६ चा ३१२ रुपये हा दर धरता येतो; गवंड्याची हजेरी त्याहून बरीच जास्त असते आणि लग्नसराईच्या आधी, घरे रंगवून-दुरुस्त करून घेण्याच्या दिवसांत, ती आणखी चढते.

तीनशे विटांच्या या खांबाचे वजन मात्र सव्वा टनाच्या घरात जाते, आणि माळवदाच्या तुळयांवर ते टाकता येत नाही. त्याला जमिनीपासून स्वतःचा पाया द्यावा लागतो, म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीलगत खणणे आले, मुरूम-दगड भरणे आले. त्यानंतर छप्पर छेदण्याचे काम. तुळई तोडून चालत नाही, म्हणून दोन तुळयांमधील गाळ्यात जागा शोधावी लागते. मातीचा थर कापून धुराड्याभोवती पुन्हा चोपावा लागतो, आणि जेथे पक्की वीट व हलती माती भेटतात तेथे पहिल्याच मृगात पाणी झिरपते. त्या सांध्याभोवती चुन्याचा उतरता गिलावा किंवा पत्र्याची झालर न दिल्यास तुळई कुजते, आणि अशी तुळई बदलण्याचा खर्च सबंध धुराड्याच्या खर्चाला मागे टाकतो. पत्र्याच्या छपरात भोक पाडणे तासाभराचे काम असते. सिमेंटच्या स्लॅबमध्ये ते यंत्राने पाडावे लागते, व सळई तुटणार नाही हे पाहावे लागते. एकाच गावातील तीन शेजाऱ्यांना एकाच धुराड्याचे तीन निराळे आकडे ऐकू येतात ते यामुळेच.

विटांऐवजी नळी हा स्वस्त मार्ग बहुतेक घरांनी पत्करला. सुधारित चुलींबरोबर आलेल्या नळ्या पुष्कळदा ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या होत्या, आणि त्या बदलण्याची वेळ आली की खर्चात सावधगिरीची भर पडते, कारण ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहेत. अशी नळी कोरडी फोडू वा कापू नये. ती भिजवून अखंड उतरवावी, असा नियम पाळला तरी पुष्कळ साधते. जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी नळी टिकाऊ वाटते, पण जस्त ४२० अंशांना वितळते, त्यामुळे चुलीच्या तोंडाशी ती जोडणे योग्य नाही. पहिला हात-दीड हात भाजलेल्या मातीचा किंवा जाड लोखंडाचा असावा. एकपदरी धातूची नळी लाकडापासून १८ इंच दूर असावी आणि धुराडे छपराच्या वर किमान तीन फूट निघावे, हे अमेरिकी नियम माळवदालाही लागू पडण्यासारखे आहेत, कारण जळाऊ लाकूड दोन्हीकडे सारखेच पेटते.

अस्तर म्हणजे धुराड्याच्या आतील, धुराला प्रत्यक्ष भिडणारा पदर. बाहेरील विटा शाबूत असून आतील सांधे सुटले असतील, तर सबंध बांधकाम पाडण्याऐवजी हा पदर तेवढा बदलतात. थंड देशांत जुनी घरे घेणाऱ्या मराठी कुटुंबांना हा विषय खरेदीच्या कागदपत्रांतच भेटतो: अमेरिकेत घर हस्तांतरित होताना धुराड्याच्या आत कॅमेरा सोडून तपासणी करण्याची शिफारस आहे, आणि ब्रिटनमध्ये १९६५ च्या इमारत नियमांपासून नव्या धुराड्यांना अस्तर आवश्यक ठरले. तेथे भाजलेल्या मातीच्या नळ्या, गंजरोधक पोलादाची लवचिक नळी किंवा आत ओतून बसवलेला उष्णतारोधक मसाला असे तीन पर्याय असतात. उंची, व्यास आणि वर चढण्याची सोय यांवर त्यांची किंमत ठरते. तेथील विटा सांध्यांतील पाणी गोठून फुटतात, म्हणून छपराच्या वरील भाग आधी ढासळतो आणि तेवढाच पुन्हा बांधावा लागतो. वेरूळला हिमाची भीती नाही; येथे नाश खालून सुरू होतो, जाळाजवळ, जेथे सिमेंटचा मसाला चारशे-साडेचारशे अंशांच्या पुढे आपले बंध सोडू लागतो. त्यामुळे धुराड्याच्या खालच्या भागात सिमेंट न वापरता माती-चुन्याचा मसाला वापरणारा जुना गवंडी मागासलेला नसतो.

नऊ इंची पोकळी घरगुती चुलीला तशी मोठीच. तीत धूर लवकर निवतो आणि ओढ मंदावते. कुंभाराकडील पाच-सहा इंच व्यासाचे भाजलेले नळ आत एकावर एक बसवून भोवतालच्या पोकळीत विटांचा चुरा व चुना भरला, तर अस्तर आणि उष्णतारोधन ही दोन्ही कामे एकाच खर्चात होतात. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे भुसा-शेण मिसळलेल्या मातीचे लिंपण. मातीत तंतू घालण्याची विद्या वेरूळच्या लेण्यांइतकी जुनी आहे: तेथील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असल्याचे राजदेव सिंग आणि एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले, आणि कीड न लागता तो गिलावा शतकानुशतके टिकण्याचे श्रेय त्या मिश्रणाला दिले. धुराड्यात मात्र खालचे तंतू जळून जातात आणि त्यांच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात. त्याने उष्णता अडते हे खरे, पण लिंपण ठिसूळ होते, म्हणून ते दर दोन-तीन वर्षांनी खरवडून नव्याने द्यावे लागते.

उरते ती सफाई. शंभर मिलिमीटरच्या नळीत सर्व बाजूंनी दहा मिलिमीटर काजळी बसली की धुराची वाट ३६ टक्क्यांनी अरुंद होते. पऱ्हाट्या, तुराट्या आणि ओलसर सरपण जाळणाऱ्या चुलीत हे लवकर घडते. ओडिशात सुमारे २,६०० कुटुंबांत नळीच्या सुधारित चुलींचा चार वर्षे पाठपुरावा करणाऱ्या रेमा हॅना, एस्थर डुफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन यांना पहिल्या वर्षी धुराचा संपर्क घटलेला आढळला, आणि नंतर तो फायदा विरून गेला, कारण चुली दुरुस्त ठेवल्या गेल्या नाहीत आणि त्यांचा वापर घटत गेला. आळसाचा दोष देणे सोपे आहे, परंतु छपरावर चढून काठीला चिंधी बांधून नळी साफ करण्याचे काम जिने चूल पेटवायची तिच्याकडेच येते, आणि त्याला मजुरी नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅस घरोघर पोचवला, तरी पाणी तापवणे, भाकरी, जनावरांचे आंबवण शिजवणे ही कामे पुष्कळ घरांत चुलीवरच राहिली. शिवाय रस्त्याकडेच्या फलकांवर ‘चुलीवरचे जेवण’ झळकू लागल्याने धुराडे नव्याने बांधणारा एक ग्राहकवर्गही तयार झाला आहे.

अशा ग्राहकाने गवंड्याकडून आकडा घेताना तो चार भागांत मागावा: पाया, खांब, छप्पर छेदून सांधा बंद करणे, आणि वरची टोपी, जी पाऊस व उलटा वारा अडवते. पायथ्याशी काजळी काढण्याचे झाकणबंद तोंड ठेवण्यास जेमतेम चार विटा कमी लागतात; ते ठेवले तर छपरावर न चढता खालूनच नळी साफ करता येते. काम माळवदावरचे असल्यास ते पाऊस उघडल्यावर, माती पुरती वाळल्यानंतर म्हणजे दिवाळीच्या सुमारास घ्यावे, जेणेकरून चुन्याचा सांधा पुढच्या मृगापर्यंत सहा-सात महिने पक्का होतो. वैशाखात घाईने उरकलेला सांधा पहिल्या सरीत उघडा पडल्यास गवंडी पुन्हा बोलावण्याची हजेरी वेगळी द्यावी लागते.